जॅझचा एक तास बांधताना: रेडिओसाठी रचना निवडायच्या कशा?

जॅझच्या रेडिओ कार्यक्रमासाठी संगीत निवडायला बसलं की हात आधी आवडत्या अल्बमांकडे जातो. दहा उत्तम रचना काढल्या, एकापाठोपाठ एक लावल्या, तरी तास कंटाळवाणा झाला, असं हमखास घडतं. कारण ऐकणाऱ्याला रचना सुट्या ऐकू येत नाहीत. आधीची रचना संपली तरी तिचा ठेका, तिचं शेवटचं वाद्य, तिचा सा कानात रेंगाळत असतो आणि पुढची रचना त्यावरच येऊन बसते. त्यामुळे निवडीचं निम्मं काम रचना शोधण्याचं असतं आणि निम्मं दोन रचनांमधला सांधा जुळवण्याचं. हे दुसरं निम्मं काम बहुतेक वेळा राहून जातं. या लेखात भर त्यावरच आहे, पण सुरुवात घड्याळापासून करावी लागेल.

आधी मिनिटं, मग रचना

तासाच्या कार्यक्रमात संगीताला साठ मिनिटं कधीच मिळत नाहीत. सुरुवात, समारोप आणि केंद्राची ओळख यांना मिळून दोन-अडीच मिनिटं जातात. मध्ये चार वेळा बोलायचं ठरवलं आणि प्रत्येक वेळी सव्वा मिनिट धरलं, तर आणखी पाच मिनिटं गेली. म्हणजे साधारण साडेबावन्न मिनिटं उरतात. जाहिराती किंवा बातम्या असतील तर त्याहून कमी.

या साडेबावन्न मिनिटांत किती रचना बसतील हे त्या कोणत्या काळातल्या आहेत यावर अवलंबून असतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. म्हणून लुई आर्मस्ट्राँगचं १९२८ चं ‘वेस्ट एंड ब्लूज’ असो की ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचं १९४१ चं ‘टेक द ए ट्रेन’, सगळं तीन मिनिटांच्या आसपास आटोपतं. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून जास्त संगीत बसू लागलं. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून सात, नऊ, अकरा मिनिटांच्या रचना सर्रास दिसतात त्या यामुळे. आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्सचं १९५८ चं ‘मोअनिन’ साडेनऊ मिनिटांचं आहे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ तेरा मिनिटांच्याही पुढे जातं.

तासाचा एक चालणारा हिशोब असा: एक रचना साडेनऊ मिनिटांची, चार सरासरी सव्वासहा मिनिटांच्या, एक पाच मिनिटांची आणि चार जुन्या, सव्वातीन मिनिटांच्या. ९:३० + २५:०० + ५:०० + १३:०० मिळून ५२:३०. दहा रचना झाल्या आणि लांब-आखूड यांची मिसळही झाली. सगळ्याच सात मिनिटांच्या घेतल्या तर फार तर सात बसतात, आणि मग त्यातली एक जरी ऐकणाऱ्याला रुचली नाही तरी तासाचा आठवा हिस्सा त्याच्यासाठी फुकट गेला. दोन अतिलांब रचना एकाच तासात शक्यतो घेऊ नयेत. घ्यायच्याच असतील तर दोन्ही मिळून वीस मिनिटांच्या आत ठेवाव्यात.

प्रत्येक रचनेची चिठ्ठी

लागतील त्याच्या दुप्पट, म्हणजे वीसेक रचना आधी बाजूला काढाव्यात आणि प्रत्येक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी. पहिलं मिनिट ऐकून निवडलेली रचना हमखास फसवते. शांत सुरू झालेली पाचव्या मिनिटाला किंचाळते, किंवा मध्येच तीन मिनिटांचा ड्रमचा सोलो निघतो. ऐकताना लिहून ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत: एकूण वेळ, लय, सूर, वादकसंच, कोण कोणत्या क्रमाने सोलो वाजवतं, ध्वनिमुद्रणाचं वर्ष, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ती सुरू कशी होते आणि संपते कशी.

लय मोजायला यंत्र लागत नाही. पंधरा सेकंदांतल्या मात्रा मोजायच्या आणि चारने गुणायचं. चूक होते ती जलद रचनांमध्ये. तिथे पाय आपोआप दर दुसऱ्या मात्रेवर पडतो आणि २४० ची रचना १२० ची वाटते. अशा वेळी डबल बासकडे कान द्यावा. बासवादक बहुतेक वेळा प्रत्येक मात्रेला एक स्वर चालवतो, तेव्हा त्याची पावलं मोजली की खरा आकडा मिळतो.

शेवटाचे प्रकारही नीट नोंदवावेत. काही रचना एका ठोक्यात थांबतात, काही लय उतरवत विझतात, काहींचा आवाज ध्वनिमुद्रणातच हळूहळू कमी केलेला असतो, आणि मैफलीतल्या ध्वनिमुद्रणांच्या शेवटी टाळ्या असतात. एका ठोक्यात थांबणाऱ्या रचनेनंतर दुसरी लगेच सुरू करता येते. विझत जाणाऱ्या रचनेनंतर दीड-दोन सेकंद जागा सोडली नाही तर पुढची रचना तिच्या अंगावर आदळते. टाळ्या तीन-चार सेकंद वाजू द्याव्यात आणि मग हलकेच उतरवाव्यात. त्या एकदम कापल्या तर कात्रीचा आवाज ऐकू येतो म्हणा ना.

सांधा

दोन रचना शेजारी ठेवताना चार गोष्टी तपासायच्या: लय, वाद्यांचा रंग, सूर आणि ध्वनिमुद्रणाचा पोत. चारही बदलल्या तर ऐकणारा हरवतो. चारही तशाच राहिल्या तर पेंगतो. दोन बदलाव्यात आणि दोन धराव्यात, हे प्रमाण बहुतेक ठिकाणी निभावतं.

लयीचं उदाहरण घेऊ. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधलं ‘सो व्हॉट’ आणि कोल्ट्रेनचं त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेलं ‘जायंट स्टेप्स’. कागदावर ही जोडी सुरेख दिसते. दोन्हींत कोल्ट्रेन आहे, दोन्हींत बासवर पॉल चेंबर्स आहे आणि ‘सो व्हॉट’ची तर मूळ चालच चेंबर्सच्या बासवर येते. पण ‘सो व्हॉट’ची लय १३५ ते १४० च्या दरम्यान आहे, आणि ‘जायंट स्टेप्स’ २८० च्या वर पळतं. शिवाय पहिल्यात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, आठ-आठ बार (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) हलत नाही, तर दुसऱ्यात ती दर दोन मात्रांना बदलते. थेट जोडल्या तर ऐकणाऱ्याला धक्का बसतो. मध्ये चाळीस सेकंद बोलून हा फरकच सांगितला, तर तोच धक्का त्या तासातला सर्वांत लक्षात राहणारा क्षण ठरतो. नावांवरून जमलेली जोडी कानावर तपासल्याशिवाय पक्की करायची नाही.

रंगाच्या बाबतीत सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे टेनर सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम असे क्वार्टेट एकामागून एक लावणं. जॅझच्या संग्रहात हा वादकसंच इतका मुबलक आहे की लक्ष दिलं नाही तर अर्धा तास त्यातच जातो. अशा एका क्वार्टेटनंतर पियानो ट्रिओ, गिटार, व्हायब्राफोन किंवा सोळा-सतरा जणांचा बिग बँड आणावा. गायकी दर तिसऱ्या-चौथ्या रचनेला आली की कान ताजा राहतो, आणि नुकता रेडिओ लावलेल्या माणसालाही काहीतरी धरायला मिळतं. सलग दोन बॅलड, म्हणजे संथ, हळुवार रचना, मात्र टाळाव्यातच. पहिली कितीही सुंदर असो, दुसरीला तिची किंमत मोजावी लागते.

सुराचा सांधा फार कमी जण तपासतात. एका रचनेचा सा आणि पुढचीचा सा यांत अर्ध्या स्वराचं अंतर असेल आणि मध्ये जागा नसेल, तर दुसरी रचना सुरुवातीला बेसूर वाटते. वादकांची काही चूक नसते, कान अजून पहिल्याच सा वर टेकलेला असतो. चौथ्या किंवा पाचव्या स्वराचं नातं असलं की सांधा आपोआप गुळगुळीत होतो. सूर ओळखता येत नसतील तरी उपाय आहे. पहिल्या रचनेची शेवटची दहा सेकंदं आणि दुसरीची पहिली दहा सेकंदं जोडून ऐकायची. खटकलं तर तिथे बोलायचं. चार-पाच वाक्यांत कान जुना सा विसरतो.

पोत म्हणजे ध्वनिमुद्रणाचा आवाज: जुन्या तबकडीची खरखर, एकच चॅनल, दबलेला बास, किंवा आजच्या स्टुडिओतली काचेसारखी स्वच्छता. १९२८ मधून थेट आजच्या ध्वनिमुद्रणात उडी मारली की आधीचं केविलवाणं वाटतं, आणि ते त्या वादकांवर अन्यायकारक आहे. अशा दोन्हींच्या मध्ये निवेदन ठेवावं, किंवा एखादं १९५० च्या दशकातलं मोनो ध्वनिमुद्रण पायरीसारखं घालावं. जुन्या रचना दोन-दोनच्या जोडीने लावल्या तर आणखी बरं. पहिलीत कान खरखरीला सरावतो आणि दुसरी मोकळेपणाने ऐकता येते.

ऐकणाऱ्याला धागा द्यावा

सांध्यांपलीकडे अर्थाचंही नातं असतं, आणि जॅझमध्ये ते विपुल आहे. बहुतेक रचनांची बांधणी अशी असते: आधी मूळ चाल, मग तिच्याच कॉर्डच्या आवर्तनांवर एकेकाचे सोलो आणि शेवटी पुन्हा मूळ चाल. ही कॉर्डची माळ उचलून तिच्यावर नवी चाल रचायची पद्धत १९४० च्या दशकातल्या बीबॉप या जॅझ शैलीच्या काळात फोफावली. चार्ली पार्करने १९४६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं ‘ऑर्निथॉलॉजी’ हे ‘हाउ हाय द मून’ या लोकप्रिय गाण्याच्या कॉर्डवर उभं आहे. आधी मूळ गाणं आणि लगेच पार्कर, असा क्रम लावला की संगीत न शिकलेल्या माणसालाही खालचा सांगाडा तोच असल्याचं जाणवतं. क्रम उलटा केला तर गंमत निम्मी होते.

हाच न्याय एका गाण्याच्या दोन आवृत्त्यांना. कोलमन हॉकिन्सने १९३९ मध्ये वाजवलेलं ‘बॉडी अँड सोल’ टेनर सॅक्सोफोनच्या इतिहासातला मैलाचा दगड मानतात, पण त्यात तो मूळ चाल सुरुवातीला जरा दाखवतो आणि सोडून देतो. मूळ चाल ठाऊक नसलेल्याला त्याने काय केलं हे कळायला मार्गच नसतो. बिली हॉलिडेने ते गाणं १९४० मध्ये गायलं आहे. आधी ती, मग हॉकिन्स. दोन्ही मिळून सहा-सात मिनिटं, आणि बोलायचं वाक्य एकच: ‘आता हीच चाल, पण ती शोधावी लागेल.’

धागे एका तासात दोन पुरेत. प्रत्येक जोडीमागे कारण असलं आणि ते प्रत्येक वेळी सांगितलं, तर कार्यक्रमाचा वर्ग होतो.

सुरुवात आणि शांततेचा धोका

पहिल्या रचनेने वीस सेकंदांत पकड घेतली पाहिजे. ‘वेस्ट एंड ब्लूज’ आर्मस्ट्राँगच्या एकट्या ट्रम्पेटवर सुरू होतं, साथ नाही, प्रस्तावना नाही. रेडिओसाठी याहून चांगली उघडणी विरळाच. उलट ‘सो व्हॉट’ची सुरुवात पियानो आणि बासच्या दबक्या, लय न धरलेल्या संवादाने होते आणि अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ तशीच राहते. चांगल्या स्पीकरवर ती विलक्षण आहे. फोनच्या इवल्या स्पीकरवर किंवा धावत्या गाडीत मात्र काहीच ऐकू येत नाही आणि माणूस केंद्र बदलतो.

धोका फक्त माणसाचा नाही. अनेक केंद्रांवर शांतता ओळखणारं यंत्र बसवलेलं असतं. ठरावीक सेकंद आवाज ठरावीक पातळीखाली राहिला की बिघाड झाला असं समजून ते राखीव ध्वनिफीत सुरू करतं. लांब बास सोलो, ब्रशने वाजवलेले हलके ड्रम, मुद्दाम ठेवलेले विराम, यांपैकी काहीही त्याला चालना देऊ शकतं. म्हणून आपल्या केंद्रावरचे ते सेकंद आणि ती पातळी तंत्रज्ञाकडून आधी विचारून घ्यावी. अशा रचना टाळायच्या नाहीत. त्या तासाच्या मध्यावर, आधी दोन वाक्यं सांगून लावायच्या.

बिल एव्हान्सच्या ट्रिओचं २५ जून १९६१ चं व्हिलेज व्हॅनगार्डमधलं ध्वनिमुद्रण लावताना तर सांगावंच लागतं. त्यात ग्लासांची किणकिण आणि श्रोत्यांची कुजबुज ऐकू येते, आणि न सांगता लावलं तर लोकांना स्टुडिओचा माइक उघडा राहिल्यासारखं वाटतं. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, त्या ट्रिओचा बासवादक स्कॉट लाफॅरो अपघातात गेला. हे एका वाक्यात सांगितलं की त्या खोलीतल्या आवाजांकडे कोणी तक्रारीने पाहत नाही.

कोणती प्रत लावायची

एकाच रचनेच्या डझनभर प्रती बाजारात असतात आणि त्या सारख्या नसतात. ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू मूळ एलपीवर किंचित जलद आणि चढ्या सुरात आहे, कारण २ मार्च १९५९ च्या सत्रात ध्वनिमुद्रण करणारं टेप यंत्र किंचित हळू चाललं होतं, आणि ती टेप नेहमीच्या गतीने वाजवली की संगीत जलद होतं. १९९० च्या दशकातल्या पुनःप्रकाशनांत ते दुरुस्त केलं गेलं. सूर जुळवून सांधा बांधला असेल आणि लावताना दुसरीच प्रत हाताला आली, तर तो सांधा सुटतो.

पुनःप्रकाशित सीडींच्या शेवटी बाद केलेले प्रयोगही जोडलेले असतात, आणि फाइलच्या नावात फरक एखाद्याच शब्दाचा असतो. घाईत ती बाद प्रयोगाची फाइलच लागते. फाइलवर लिहिलेलं वर्षही पुष्कळदा संकलनाचं असतं: १९५७ चं वादन आणि फाइल म्हणते २००३. हवेत चुकीचं वर्ष जाऊ नये म्हणून वर्ष आणि वादकांची नावं अल्बमच्या मजकुरावरूनच उतरवून घ्यावीत. एलिंग्टनसारख्यांनी एकच रचना अनेकदा ध्वनिमुद्रित केली आहे, तिथे तर वर्षाशिवाय ओळखच अपुरी राहते.

आवाजाची पातळी समान करताना शिखरं जुळवायची नाहीत, ऐकू येणारी सरासरी जुळवायची. एकच मोठा झांजेचा ठोका असलेली हळुवार रचना शिखरावरून मोजली तर फारच बारीक वाजते. युरोपातल्या प्रसारणाचं आर-१२८ हे मानक यासाठी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) ही सरासरी पातळी धरतं. आपल्या केंद्राचा आकडा वेगळा असेल तर तो धरावा, पण सगळ्या फाइल त्याच आकड्यावर आणाव्यात. बॅलड त्यातही एक-दोन डेसिबलने खाली ठेवली तर कानाला नैसर्गिक वाटते. सुरुवातीच्या काळातल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत सॅक्सोफोन पूर्ण डावीकडे आणि ड्रम पूर्ण उजवीकडे असे प्रकार आहेत, म्हणून एकदा मोनो करून ऐकावं. एकच स्पीकर चालू असलेल्या श्रोत्यांची संख्या कमी नसते.

कापायची वेळ आली तर

शक्यतो कापू नये. कापावंच लागलं तर आवर्तनाच्या सीमेवर. ३२ बारच्या रचनेत प्रत्येक बारला चार मात्रा धरल्या तर एक आवर्तन १२८ मात्रांचं. लय १६० असेल तर ते ४८ सेकंदांत फिरतं. बारा बारचा ब्लूज ४८ मात्रांचा, १२० च्या लयीत २४ सेकंदांचा. हा हिशोब चिठ्ठीवर असला की घड्याळाकडे पाहूनच कळतं की सोलो कधी संपणार आणि आवाज कुठे उतरवायचा. सोलोच्या मध्यावर आवाज उतरवणं म्हणजे बोलणाऱ्याचं वाक्य तोडणं. लांब रचना रेडिओ आणि ज्यूकबॉक्ससाठी ४५ आरपीएमच्या तबकडीच्या दोन बाजूंवर विभागून काढल्या जात, ली मॉर्गनचं ‘द साइडवाइंडर’ तसं निघालं होतं. अशी कंपनीनेच केलेली छोटी आवृत्ती मिळाली तर ती आपल्या कात्रीपेक्षा बरी.

शेवट नेमक्या सेकंदाला यावा यासाठी उलटी गणती करतात. कार्यक्रम ५९:५० ला संपायचा असेल आणि शेवटची रचना ५ मिनिटं २४ सेकंदांची असेल, तर ती ५४:२६ ला सुरू झालीच पाहिजे. निवेदन लांबलं तरी ती त्याच क्षणी फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ठेवून सुरू करायची आणि बोलणं झालं की आवाज वर आणायचा. सुरुवातीचा भाग बुडतो, पण मूळ चाल शेवटी परत येते आणि रचना पूर्ण होते. अर्थात ही रचना वाद्यांचीच हवी. गाणं अर्ध्यातून वर आणलं तर लगेच कळतं. वेळ उरलाच तर हाताशी दोन जुन्या, अडीच-तीन मिनिटांच्या रचना ठेवाव्यात.

नियम आणि नोंदवही

कार्यक्रम इंटरनेटवरूनही जात असेल तर देशोदेशीचे परवान्यांचे नियम पाहावे लागतात. अमेरिकेत वैधानिक परवान्यावर (प्रत्येक हक्कधारकाची वेगळी परवानगी न घेता कायद्यानेच मिळणाऱ्या परवान्यावर) इंटरनेटने प्रसारण करणाऱ्याला कोणत्याही तीन तासांत एका अल्बममधल्या तीनच रचना लावता येतात, त्यांतल्या सलग दोनच. एका मुख्य कलाकाराच्या चार, सलग तीन. आधीपासून रचनांची यादी जाहीर करायलाही मनाई आहे. म्हणजे कोल्ट्रेनच्या वाढदिवसाला दोन तास फक्त त्याचेच अल्बम लावता येणार नाहीत. मार्ग असा की तो ज्यांच्या संचात साथीला होता, त्या डेव्हिस किंवा पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या नावाने निघालेली ध्वनिमुद्रणं घ्यायची. तिथे मुख्य कलाकार वेगळा मोजला जातो, आणि खरं सांगायचं तर असा तास ऐकायलाही जास्त चांगला होतो.

रचना, मुख्य कलाकार, अल्बम, प्रकाशक, वर्ष आणि लावल्याची वेळ, एवढं प्रत्येक कार्यक्रमानंतर नोंदवावं. हक्कांच्या हिशोबासाठी ते लागतंच, पण त्याचा खरा उपयोग दर चार आठवड्यांनी होतो. नोंदी समोर ठेवून मोजायचं: १९५५ ते १९६५ या दशकातल्या किती, सॅक्सोफोनने पुढाकार घेतलेल्या किती, मेरी लू विल्यम्ससारख्या स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या किती, गेल्या दोन वर्षांत निघालेल्या किती. बहुतेक नोंदवह्यांत पहिले दोन आकडे फुगलेले आणि शेवटचे दोन जवळपास शून्य निघतात. पुढच्या कार्यक्रमासाठी वीस रचना काढताना त्यांतल्या पाच त्या रिकाम्या रकान्यांतूनच काढाव्यात.